मावशींचा सावळा रंग विटकरी का झाला?

पत्र : ‘नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. आजवर सगळं काम डीएसएलआरवर केलं. यंदा हौसेने जुना लायका एम २४० घेतला, सोबत ३५ आणि ५० मिलिमीटरच्या दोन लेन्स. मावसबहिणीच्या लग्नात हळद आणि सीमांतपूजन मी त्याच्यावर काढलं, लग्न माझ्या जोडीदाराने डीएसएलआरवर काढलं. आता अल्बम लावायला बसलो, तर दोन वेगळ्या घरची लग्नं वाटतात. माझ्या फोटोंत सगळे उन्हात भाजल्यासारखे लाल. मावशी छान सावळी आहे, ती चक्क विटकरी दिसते. मित्र म्हणतात, एम २४० विकून टाक आणि एम ९ घे, सीसीडी सेन्सरचा स्किन टोन फिल्मसारखा येतो. त्यात बहिणीच्या सासरहून निरोप आलाय, सूनबाईंना जरा उजळ करून द्या. आणि २०२७ चा सिंहस्थही याच कॅमेऱ्यावर काढायचं मनात आहे. कॅमेरा बदलू का? काही मूळ फाइली सोबत पाठवतोय.’

उत्तर :

कॅमेरा बदलू नका. तुमच्या डीएनजी, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या, फाइली उघडून पाहिल्या. त्यांत रंगाची माहिती भरपूर आहे, ती नीट वाचली गेलेली नाही एवढंच. मावशींचा खरा रंग त्याच फाइलीत आहे आणि तो बाहेर काढता येतो.

आधी सीसीडीचं बघू, कारण त्या एका समजुतीपायी लोक लाखाच्या घरात पैसे घालवतात. सीसीडी (एम ९ चा सेन्सर) काय आणि सीमॉस (तुमच्या एम २४० चा) काय, दोन्हींत प्रकाश सिलिकॉनवर पडतो आणि त्याचा विद्युतभार तयार होतो. फरक आहे तो भार मोजायला नेण्याच्या पद्धतीत. विहिरीपासून घरापर्यंत हातोहात घागरी पुढे द्याव्यात तसा सीसीडीत एका पिक्सेलचा भार शेजारच्याकडे सरकत सरकत टोकाला जातो आणि तिथे मोजला जातो. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. या दोन्ही पद्धतींत रंग कुठेच येत नाही. सिलिकॉनला रंग कळतच नाहीत.

रंग ठरतो तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे पिक्सेलवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी त्यांची मांडणी केली, त्याचं पेटंट १९७६ चं. त्या गाळण्यांत कोणते रंगद्रव्य वापरलंय, लाल गाळणी हिरव्यातलं किती आत घेते, यावर त्वचा कशी नोंदली जाईल हे बरंचसं ठरतं. दुसरं ठिकाण म्हणजे सेन्सरवरची काच, जी अवरक्त किरण अडवते. तिसरं म्हणजे प्रोफाइल, म्हणजे या तीन आकड्यांचा अर्थ माणसाच्या डोळ्याच्या भाषेत लावणारं गणित. एम ९ ची जी गोडी लोक सांगतात ती कोडॅकच्या गाळण्यांची, सेन्सरवरच्या काचेची आणि त्या वेळच्या प्रोफाइलची. ती गोडी खरी आहे, मी ती नाकारत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६० ला, सकाळच्या कोवळ्या उन्हात एम ९ चे चेहरे फार सुंदर येतात. फक्त तिचं श्रेय सीसीडी या तीन अक्षरांना देऊ नका.

रेंजफाइंडरच्या, म्हणजे तुमच्या लायकासारख्या वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ती मधली काच फार महत्त्वाची आहे. डिजिटल रेंजफाइंडरची सुरुवात २००४ मध्ये एप्सनच्या आर-डी१ ने झाली. लायकाचा एम ८ आला २००६ मध्ये. या कॅमेऱ्यांत आरसा नसल्यामुळे लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ येतो आणि कडेचे किरण तिरपे आपटतात. जाड काच घातली तर कडांचा तपशील फिसकटतो. म्हणून एम ८ मध्ये काच पातळ ठेवली, आणि अवरक्त किरण आत शिरले. परिणाम असा झाला की सिंथेटिक काळे कपडे जांभळे दिसायला लागले, झाडांची पानं पिवळट झाली आणि चेहऱ्यावर एक विचित्र किरमिजी छटा आली. शेवटी लायकाने एम ८ घेणाऱ्यांना लेन्सपुढे लावायचे दोन फिल्टर मोफत दिले. २००९ च्या एम ९ मध्ये काच थोडी जाड केली आणि तो त्रास बहुतांशी गेला.

तुमच्या एम २४० मध्येही अवरक्ताची थोडी संवेदनशीलता शिल्लक आहे. उन्हात ती जाणवत नाही. हॅलोजनखाली जाणवते, कारण हॅलोजन आणि साधे पिवळे बल्ब उजेडापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त टाकतात. सीमांतपूजनाच्या फोटोत नवरदेवाच्या मामांचा काळा कोट पाहा, तो किंचित वांगी रंगाकडे झुकलाय. तेच किरण चेहऱ्यावरूनही परत येतात, कारण त्वचा अवरक्त भरपूर परावर्तित करते, आणि त्यांची नोंद मुख्यतः लाल खात्यात (लाल गाळणीखालच्या पिक्सेलांत) होते. तुमच्या लालीचा एक वाटेकरी हा आहे. मंडपात हॅलोजन असतील त्या दिवशी अवरक्त अडवणारा फिल्टर लावा. ५० मिलिमीटरवर त्याचा काही तोटा नाही. फार वाइड लेन्सवर मात्र त्याने कडांना निळसर-हिरवी छटा येते.

एम २४० ची बदनामी का झाली तेही सांगतो. हा कॅमेरा २०१३ मध्ये लोकांच्या हातात आला. सेन्सर बेल्जियमच्या सीमोसिसचा, नवा. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच दाखवणं, डळमळीत होता आणि चेहरे नारिंगी-लाल येत. पुढच्या फर्मवेअरमध्ये त्यात बरीच सुधारणा झाली, पण नाव पडलं ते पडलंच. तुमचा कॅमेरा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा आहे, तेव्हा आधी मेनूत जाऊन फर्मवेअर कोणतं आहे ते बघा. जुनं असेल तर नवं टाका.

आणि एम ९ घ्यायचं अगदी मनावर घेतलंत तरी एक धोका आहे. त्याच्या सेन्सरवरची काच दमट हवेत गंजते. लेन्सचं छिद्र लहान केलं की आकाशात गोल डाग दिसतात. काही वर्षं कंपनी सेन्सर बदलून देत असे, आता बदली सेन्सर मिळत नाहीत. नाशिकचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय एम ९ चा आयएसओ २५०० ला संपतो आणि ८०० च्या पुढे सावल्यांत दाणे येतात. रात्रीच्या लग्नाला तो घेऊन जाणं म्हणजे स्वतःचेच हात बांधून घेणं. एम २४० वर तुम्ही १६०० निर्धास्त वापरा, अडचण पडली तर ३२०० चालतं.

आता त्वचेकडे येतो. खरी गोष्ट इथे आहे.

माणसाच्या त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींनी बनतो, मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. गोरा असो, गव्हाळ असो, सावळा असो, घटक तेच. म्हणून जगभरच्या त्वचांची छटा नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यात येते आणि बदलतो तो मुख्यतः उजळपणा आणि गडदपणा. व्हिडिओ एडिटिंगवाले व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणाऱ्या आलेखावर) जी ‘स्किन टोन लाइन’ पाहतात ती याच कारणाने सगळ्यांना लागू पडते. पट्टा अरुंद असल्यामुळे डोळा त्याबाबतीत फार कडक असतो. पडद्याचा निळा जरा इकडेतिकडे झाला तर कोणाला कळत नाही. मावशींचा गाल दोन पावलं लालकडे सरकला की घरातलं लहान पोरही म्हणतं, ‘आजीला काय झालं?’

सावळ्या त्वचेवर ही चूक अधिक दिसते, त्याचं कारण एक्सपोजरमध्ये आहे. तुमच्या एम २४० चं नेहमीचं मीटरिंग शटरच्या पात्यांवरून परतणारा उजेड मोजतं आणि त्यात मधल्या भागाला जास्त वजन असतं. सीमांतपूजनाला चौकटीच्या मधोमध कोण आहे? पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेले काका. मीटर त्या पांढऱ्याला करडं करायला जातो, एक्सपोजर कमी देतो आणि शेजारी बसलेल्या मावशी अंधारात जातात. मग तुम्ही घरी येऊन शॅडोज वर ओढता. तिथे निळ्या आणि हिरव्या खात्यात माहिती मुळातच तुटपुंजी असते, लाल तेवढं तगलेलं असतं, आणि ओढताना तेच पुढे येतं. अडोबीच्या काही प्रोफाइलमध्ये उजळपणाबरोबर छटाही किंचित वळवलेली असते, त्याची भर पडते. म्हणून सावळ्या चेहऱ्याला मुळातच पुरेसं एक्सपोजर द्या. पांढऱ्या सदऱ्यावर मीटर करू नका, मावशींच्या चेहऱ्याजवळ जाऊन मोजा, ते कुलूप करून मग मागे या. काकांची टोपी थोडी जास्त पांढरी झाली तर झाली.

कॅमेरे त्वचेच्या बाबतीत तटस्थ कधीच नव्हते, हे आपल्या नाशिककरांना तर माहीत असायलाच हवं. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्वचा त्या फिल्मवर आहे त्यापेक्षा काळी यायची, म्हणून त्या काळी नटांना फिकट रंग फासून उभं करत. पुढे रंगीत फिल्म आली, तर प्रयोगशाळा प्रिंटचा रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरत. काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो बिघडत राहिले. कोडॅकने गडद तपकिरी छटांकडे लक्ष दिलं त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरचे फोटो नीट येत नाहीत ही जाहिरातवाल्यांची तक्रार होती. हे वाचलं की मला अजूनही राग येतो. तेव्हा कॅमेरा जे देतो ते ‘खरं’ आणि आपण दुरुस्त केलं तर ‘फसवणूक’, असं मनात असेल तर काढून टाका.

तुमच्या हळदीच्या फोटोंतला तो एक जवळचा फोटो, ज्यात बहिणीच्या गालावर करवली हळद लावतेय, मी मोठा करून पाहिला. हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे हळदीच्या ओल्या ठिपक्यावर निळं खातं जवळजवळ शून्यावर गेलंय. गालाचा जो भाग कोरडा आहे तिथे निळं आहे, पण कमी. कारण हळदीने माखलेल्या हातांवरून, पिवळ्या साड्यांवरून, पिवळ्या मंडपावरून परतलेला उजेड सगळीकडे पसरलाय. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटलं, बल्बचा पिवळा उजेड आहे. त्याने निळं वाढवलं. मागची पांढरी भिंत निळसर झाली, बहिणीच्या केसांत निळी झाक आली आणि गाल मात्र लाल-गुलाबी राहिले. पुढच्याच फोटोत चौकटीत पिवळं कमी होतं म्हणून व्हाइट बॅलन्स वेगळा. एकाच कार्यक्रमात तुमच्या फोटोंचे चार रंग झालेत ते यामुळे.

यावर उपाय साधा आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, जिथे पाट मांडलाय तिथेच ग्रे कार्ड (कुठलीही छटा नसलेलं करडं कार्ड) धरून मॅन्युअल व्हाइट बॅलन्स घ्या आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. करवल्यांनी कितीही हळद उडवली तरी. उजेडच बदलला तर पुन्हा कार्ड. तुमच्या व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते काचेपलीकडचं उघडं जग, त्यात कॅमेऱ्याचा रंग दिसत नाही. डीएसएलआरच्या लाइव्ह व्ह्यूवर तुम्ही नकळत रंग तपासत होतात, इथे ती सवय मोडली. एम २४० मध्ये लाइव्ह व्ह्यू आहे. जागा बदलली की एकदा तो उघडून नजर टाका आणि परत बंद करून कामाला लागा.

लॉनवरच्या फोटोंचं दुखणं वेगळं आहे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर दुपारी साडेबाराचा कार्यक्रम असेल तर हिरवळीवरून परतणारा हिरवा उजेड हनुवटीखाली, गळ्यावर बसतो. वरून लाल-केशरी कापडातून गाळलेला उजेड कपाळावर. एकाच चेहऱ्यावर दोन रंग, आणि एक व्हाइट बॅलन्स दोन्हींना पुरा पडत नाही. त्यातून बहिणीने येवल्याची पैठणी नेसली आहे. जांभळी पैठणी, रुंद जरीचा पदर खांद्यावर. जवळून पाहा, जबड्याच्या कडेला जांभळट पट्टा आहे तो पैठणीचा आहे, आणि गळ्याजवळचा पिवळा जरीचा. ते सगळं पुसून टाकू नका. थोडं राहू द्या, कारण तिथे उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसत होतं. पण जागा निवडणं तुमच्या हातात असेल तर नवरीला कापडाच्या कडेला आणा, जिथे मोकळ्या आकाशाचा उजेड बाजूने येतो. जमत नसेल तर हलका फ्लॅश द्या. तुमचा कॅमेरा फ्लॅशला १/१८० सेकंदापर्यंतच साथ देतो, त्यामुळे उन्हात छिद्र लहान करावं लागेल हे लक्षात ठेवा.

रात्रीच्या रिसेप्शनला मात्र व्हाइट बॅलन्सच्या हातातही फार काही राहत नाही. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक सुळका आणि पिवळ्याचा एक उंचवटा असतो, गडद लाल फार थोडा. त्वचेतली जिवंत लाली त्या गडद लालावर अवलंबून असते. प्रकाशातच तो नसेल तर चेहरा राखाडी-हिरवट दिसणार, लायका असो की आणखी काही. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. त्यात भडक लाल धरलेलाच नसतो. स्वतःचा लाइट विकत घेताना आर९ चा, म्हणजे त्या भडक लालाचा, आकडा विचारा. डेकोरेशनवाल्याच्या जांभळ्या-निळ्या पार लाइटखाली तर स्किन टोन शोधूच नका. तिथे फ्लॅश लावा किंवा तो फोटो कृष्णधवल करा.

आता तुमच्या हातातल्या फाइली. सगळ्यांत आधी स्वतःचं प्रोफाइल बनवा. २४ चौकोनांचा कलर चार्ट मिळतो, कॅलिब्राइट कंपनीचा. त्यातले पहिले दोन चौकोन गडद आणि फिक्या त्वचेचे आहेत, मुद्दाम. एकदा मोकळ्या सावलीत आणि एकदा घरातल्या पिवळ्या बल्बखाली त्याचा फोटो काढा. सावलीसाठी सकाळी आठच्या सुमाराला एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बसा, पंचवटीत अजून अशा जागा आहेत. समोर रंगीत भिंत नको. डीएनजी प्रोफाइलमध्ये दोन प्रकाशांची गणितं एकत्र ठेवता येतात आणि सॉफ्टवेअर मधलं स्वतः काढतं, म्हणून दोन फोटो. अडोबीचं डीएनजी प्रोफाइल एडिटर किंवा कॅलिब्राइटचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. ते प्रोफाइल लाइटरूममध्ये, म्हणजे अडोबीच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावा. फक्त ‘अडोबी स्टँडर्ड’ काढून ‘एम्बेडेड’ निवडलं तरी फरक पडतो, पण स्वतःचं ते स्वतःचं. मी तुमच्या फाइलींना दुसऱ्या एका एम २४० चं प्रोफाइल लावून पाहिलं, तर अर्धी लाली तिथेच उतरली.

उरलेली आकड्यांनी उतरवा. लाइटरूममध्ये गालावर कर्सर ठेवला की लाल, हिरवा, निळा यांची टक्केवारी दिसते. त्वचेत लाल सगळ्यांत जास्त, निळा सगळ्यांत कमी, हिरवा मध्ये. हिरवा निळ्याला चिकटला की चेहरा लाल-गुलाबी आणि लालाजवळ गेला की पिवळा. मावशींच्या गालावर आकडे होते लाल ६८, हिरवा ३९, निळा ३४. हिरवा-निळ्यात पाचच टक्क्यांचं अंतर, म्हणून त्या विटकरी. प्रोफाइल बदलून, टिंट हिरव्याकडे थोडा आणि लालाची ह्यू (छटा) नारिंगीकडे जराशी नेल्यावर ६२, ४६, ३६ झाले. तेव्हा कुठे तो सावळा रंग आला, ज्यात मुरलेली पिवळट ऊब असते. आकडे पाठ करू नका. प्रत्येक घरचे वेगळे येतील. हिरवा कुठे बसलाय तेवढं बघायची सवय लावा.

हे सगळं ज्या पडद्यावर करता तो कॅलिब्रेट केलेला आहे ना? नसेल तर जोडीदाराबरोबर वर्गणी काढून एक कॅलिब्रेटर घ्या. आणि लॅबकडून मावशींच्या एका फोटोची ४ बाय ६ ची टेस्ट प्रिंट काढून ती दिवसाउजेडी दारात धरून बघा.

डीएसएलआरशी जुळवायचं तर चार्टचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच उजेडात, एकामागोमाग काढा, आणि दोघांची प्रोफाइलं बनवा. केल्विनचा (उजेडाच्या रंगाचा) एकच आकडा दोन्हींत टाकून जुळेल असं समजू नका, दोन कॅमेऱ्यांचा ५२०० हा एकच रंग नसतो. दोन्हीकडे ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर लावा. तरीही एम २४० चा लाल किंचित गाढा राहील. तो मला स्वतःला आवडतो, कुंकवाला आणि हिरव्या चुड्याशेजारच्या मेंदीला त्याने वजन येतं.

एक बारकावा राहिला. तुम्ही वाइड लेन्स घ्यायचा विचार कराल तेव्हा ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे मधल्यांपेक्षा लालसर किंवा हिरवट येऊ शकतात. तिरप्या किरणांचा हा दोष लायका लेन्सवरच्या सहा ठिपक्यांच्या कोडवरून लेन्स ओळखून कॅमेऱ्यातच दुरुस्त करतो. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावलीत तर मेनूतून जवळची लेन्स हाताने निवडा.

आता सासरचा निरोप. यात मी आडपडदा ठेवत नाही. उजळ करून देऊ नका.

लाइटरूममध्ये ऑरेंजची ल्युमिनन्स (उजळपणा) वर ढकलली की सगळे चेहरे एका झटक्यात गोरे होतात. लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग करणारी बरीच मुलं डोळे मिटून ते करतात. नीट पाहा काय होतं. चेहरा पांढुरका होतो आणि मेंदी लावलेला हात, चुड्याखालचं मनगट सावळंच राहतं, कारण तिथे मेंदीची छटा वेगळी आणि सावली वेगळी. फोटोतली मुलगी दुसऱ्याच कोणाचे हात लावून बसल्यासारखी दिसते. आणि ती मुलगी हा अल्बम पन्नास वर्षं सांभाळणार आहे. तिच्या लेकीला दाखवणार आहे. लग्नाच्या दिवशी ती होती तशी चालली नाही, असं त्या पानापानावर लिहिलेलं राहील. तुम्ही तिचे भाऊ आहात, तुमच्या हातून हे होऊ नये.

नकार मात्र गोडीने द्या. बहुतेक वेळा ‘उजळ करा’ म्हणणाऱ्यांना फोटो अंधारलेला वाटत असतो, आणि तुमच्या सीमांतपूजनाच्या फोटोंच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पूर्ण फोटोचं एक्सपोजर एक तृतीयांश, अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, रंग दुरुस्त करा, मग चारच फोटोंची प्रिंट घेऊन सासूबाईंकडे जा. म्हणा, ‘काकू, उजेड वाढवलाय. बहिणीचा रंग आहे तोच ठेवलाय, किती छान दिसते बघा.’ विटकरीचा सावळा झालेला चेहरा कागदावर पाहिला की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते. उरलेल्यांनी हट्ट धरला तर बहिणीला विचारा. चेहरा तिचा आहे. निर्णय तिने करायचा.

सिंहस्थाबद्दल थोडंच लिहितो, अजून वेळ आहे. तुम्ही कुठे उभे राहणार यावर तुमची त्वचेची गणितं ठरतील. वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर होतं, शैवांचं त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. त्र्यंबकला भस्म लावलेली शरीरं असतील. भस्म जवळजवळ करडं असतं, त्याने त्वचेची चमक आणि लाली दोन्ही झाकली जाते, आणि तेच साधू पाण्यातून बाहेर आले की ओली, चकचकीत, गडद त्वचा समोर येते. दोन मिनिटांत एक ते दीड स्टॉपचा फरक पडतो, म्हणून तिथे एक्सपोजर ऑटोवर सोडू नका. रामकुंडावर भगवं आणि गंध जास्त. भगव्या कापडावर उन्हात लाल खातं सगळ्यांत आधी फुटतं (भरून जाऊन तपशील हरवतो), आणि एकत्रित हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) पाहिला तर ते कळतही नाही. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकला की दोन तृतीयांश स्टॉप खाली या. भगव्याशेजारच्या चेहऱ्यावर केशरी उजेड पडलेला असणारच, तिथे ड्रॉपर लावून तो काढायला जाऊ नका. ग्रे कार्ड घाटाच्या पायरीवर, कापडापासून लांब धरा. येत्या पावसाळ्यात गोदाघाटावर सकाळी एकदा जाऊन ही सगळी मोजमापं करून ठेवा. गर्दीत कार्ड काढायला हात मोकळा मिळणार नाही.